बर्फ नसलेल्या गावच्या रामटेकेबाई

रामटेकेबाईंबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे खरं तर थांबायचं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीपासून बसस्टॉप हाकेच्या अंतरावर, पण बाईंबरोबर निघालात तर बस चुकलीच म्हणून समजा. वाटेत कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीवर गळका पाइप असायचाच. त्याच्याखाली हिरवट-काळपट ओघळ दिसला की बाई पदर खोचून उकिडव्या बसत आणि पर्समधून दोरीला बांधलेलं भिंग बाहेर काढत. एकदा एका सद्गृहस्थाने स्कूटर थांबवून विचारलं, "काय हरवलंय का हो?"

बाई मान न वळवता म्हणाल्या, "हरवलं नाही, सापडलंय. या तुम्ही."

स्कूटर गेली. मी शेजारी उभा होतो, मला उगीचच भिंतीकडे निरखून बघावं लागलं.

डॉ. विशाखा रामटेके यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांचा खास विषय शेवाळ. आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. मी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. माझा आणि शेवाळाचा संबंध बाथरूममध्ये पाय घसरण्यापुरता. पण बाईंना ऐकणारा हवा होता आणि मला संध्याकाळी काही काम नव्हतं. त्यातून आमची ओळख वाढली. गेल्या हिवाळ्यात नागपूरला भावाच्या घरी त्या वारल्या, आणि तेव्हापासून मला भिंती जास्त दिसायला लागल्या आहेत.

नागपूर त्यांच्या बोलण्यातून पुरतं गेलंच नव्हतं. वर्गात आणि सोसायटीत शुद्ध पुणेरी बोलत, पण राग आला किंवा फार आनंद झाला की "काय करून राहिले तुम्ही?" असं निघायचं. वडील तिकडे कापडगिरणीत होते. वस्तीत एकच नळ, त्याच्या ओट्यावर हंडे-बादल्यांची रांग. आईने रांगेत बसवलेली ही पोर तासन् तास ओट्यावरचं शेवाळ नखाने खरवडत बसे. "ऊन लागलं की हे पापडासारखं वाळायचं आणि नळ आला की पुन्हा हिरवं. मी आईला विचारलं, हे मेलं होतं तर जिवंत कसं झालं? आई म्हणाली, तुझा नंबर आला, हंडा लाव." बाई हे सांगत तेव्हा हसत नसत. त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला त्यांना अंटार्क्टिकापर्यंत जावं लागलं, असं त्या म्हणत.

हो, बाई अंटार्क्टिकाला जाऊन आल्या होत्या. एका मोहिमेत, एकदाच, चाळिशी उलटल्यावर. पुण्यात अमेरिकेला जाऊन आलेले गल्लोगल्ली सापडतात, पण अंटार्क्टिकाला जाऊन आलेलं माणूस म्हणजे सोसायटीला अभिमानच. त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमांत एका वर्षी त्यांचं व्याख्यान ठेवलं. आमचे सेक्रेटरी लिमये यांनी फळ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं: 'बर्फाच्या राज्यात'. बाईंनी येऊन फळा वाचला, डस्टर उचललं आणि 'बर्फाच्या' हा शब्द पुसून टाकला.

"मी बर्फाबद्दल बोलणार नाहीये," त्या म्हणाल्या. "बर्फ बघायचा असेल तर घरी फ्रीज उघडा. जिथे बर्फ नाही, मी तिथे गेले होते."

लिमयांचा चेहरा पडला. पोरं पेंग्विन बघायला आली होती.

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. त्या अफाट पांढऱ्या खंडात मधेच काही उघड्या जागा आहेत. नुसता खडक, खडे आणि वाळू. बर्फ सरकून गेलेला किंवा वाऱ्याने झाडून नेलेला. झाड नाही, गवत नाही. वारा इतका कोरडा की ओठ बोलता बोलता फुटतात. उन्हाळ्यात थोडं पाणी वितळतं, लहान तळी होतात, पुन्हा गोठतात. बघणारा म्हणेल, इथे काही नाही. बाईही पहिले काही दिवस तेच म्हणत होत्या. मग एका दुपारी त्यांनी पायाशी पडलेली एक अर्धपारदर्शक गारगोटी उलटी केली. खालच्या बाजूला हिरवी रेघ होती.

"वर असतं तर वाऱ्याने वाळून गेलं असतं," बाई म्हणाल्या. "फार खोल गेलं असतं तर उजेड मिळाला नसता. म्हणून बरोब्बर दगडाच्या पोटाशी. वरून चाळून आलेला उजेड आणि खाली अडकलेला थेंबभर ओलावा, बास, एवढ्यावर संसार. आणि हिवाळ्यात कित्येक महिने सूर्यच नाही. तेव्हा काय करत असेल?"

"मरत असेल," एक मुलगी म्हणाली.

"मरत नाही," बाई म्हणाल्या. "थांबतं."

'थांबतं' हा बाईंचा आवडता शब्द. दूधवाला आला नाही, लिफ्ट बंद पडली, पेन्शन अडली, सगळ्याला त्या "थांबलंय, मेलं नाही" म्हणत. पण बर्फाच्या बाबतीत मात्र त्यांना दम नसे. कुणी त्यांची ओळख "या बर्फातल्या शेवाळाच्या तज्ज्ञ" अशी करून दिली की ओळख पुरी व्हायच्या आत दुरुस्ती होई. "बर्फातलं वेगळं. ते दुसरे लोक करतात. माझं बर्फ नसलेल्या जागेतलं." लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडे, रिक्षात, कुठेही. दवाखान्यात तोंडात कापूस असतानाही त्यांनी हाताने खूण करून 'बर्फ नाही' असं सांगितल्याचं मी पाहिलेलं आहे. मला वाटतं, आयुष्यभर आपण जिथून आलो ते इतरांनीच परस्पर ठरवायचं, याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. हे मात्र त्या बोलल्या नाहीत, माझा अंदाज.

सोसायटीच्या सभेतही त्यांनी एकदा सगळ्यांना गार केलं होतं. उत्तरेकडची भिंत शेवाळली होती, ती घासून रंगवायचा ठराव आला. विरोध कुणाचाच नव्हता. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "रंगवा, पण पाण्याची टाकी गळते म्हणून भिंत हिरवी आहे, हे कुणी बघितलं का? शेवाळ तुम्हाला फुकट सांगतंय पाणी कुठे मुरतंय, आणि तुम्ही त्याचंच तोंड रंगवायला निघालात." टाकी तपासली तेव्हा तडा सापडला. लिमये पुढे बरेच दिवस बाईंना जिन्यात आधी वाट देत.

आता मुख्य गोष्ट. त्या गारगोटीखालच्या हिरव्या रेघेतून बाईंनी परत आल्यावर एक शेवाळ वेगळं काढलं आणि वाढवलं. काचेच्या नळीत, चायना ग्रासच्या थरावर, स्वतः बनवलेल्या खाद्यावर. त्याला त्या 'धाकटी' म्हणत, कारण आणलेल्या सगळ्या नमुन्यांत ती शेवटी हाती लागली आणि वाढायलाही सर्वांत आळशी. सूक्ष्मदर्शकाखाली ती इतर कुठल्याही हिरव्या गोळीसारखीच दिसे. पण तिची वागणूक वेगळी होती आणि बाईंचा ठाम संशय होता की ही आजवर कुणाला माहीत नसलेली जात आहे. ते सिद्ध करायचं तर पेशीच्या आतलं वाचणारी मोठी प्रयोगशाळा हवी. बाईंच्या कॉलेजात ती नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना विचारलं तर ते विचारत, "उपयोग काय हिचा?" याचं उत्तर शोधायची बाईंना गरजच वाटत नव्हती. तोवर धाकटीला जिवंत ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. जुन्या नळीतून नव्या नळीत, वर्षानुवर्षं.

बाई निवृत्त झाल्यावर कॉलेजची गार खोली नूतनीकरणात गेली. बाईंनी नळ्यांचा ट्रे रिक्षाने घरी आणला. पुण्याचा उन्हाळा धाकटीला मानवणार नव्हता. खोलीच्या उष्म्यात ती दोनेक दिवसांत पिवळी पडे. घरच्या फ्रीजमध्ये गारवा होता, पण अंधार. "फ्रीज म्हणजे हिचा हिवाळा," बाई म्हणाल्या. "थांबेल, पण वाढणार नाही. उन्हाळा कुठून आणू? गार उन्हाळा?"

गार उन्हाळा कोपऱ्यावर सापडला. ढमाल्यांच्या डेअरीत काचेच्या दाराचा उभा फ्रीज होता. आत ताक, लस्सी, पनीर आणि दिवसभर जळणारी पांढरी नळी. बाई दही घ्यायला गेल्या आणि दही न घेता त्या फ्रीजसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी हात आत घालून गारवा बघितला, उजेडाकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि मालकाला विचारलं, "रात्री दिवा बंद करता का?"

बाळासाहेब ढमाले मूळचे मुळशीकडचे. गडी दिलदार, पण दुकानात घाईचा. "दुकान वाढवल्यावर करतो बंद. का वं?"

"उत्तम. रात्र पण आहे," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. मग ढमाल्यांना म्हणाल्या, "मला वरच्या कप्प्यात वीतभर जागा द्याल?"

"कशाला?"

"शेवाळ ठेवायचंय."

मी दुधाच्या पिशव्या मोजत असल्याचं नाटक केलं. ढमाल्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वास यतो का?"

"नाही."

"गिऱ्हाइकाला लागंल?"

"झाकण घट्ट आहे. एक थेंब बाहेर आला तर सांगा."

"ठिवा मग. पण सणासुदीला जागेचं काय सांगता येत न्हाई."

अशा रीतीने दक्षिण ध्रुवाकडची ती लेक कोथरूडच्या डेअरीत, मसाला ताकाच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. बाई रोज सकाळी दुधाच्या निमित्ताने जात, काचेतून बघत. ढमाले गिऱ्हाइकांना सांगू लागले, "ते बाईंचं हाय, अंटार्क्टिकाचं." त्यांना त्यात मोठी मौज वाटे. ट्रे पुसून ठेवत, कुणी हात लावला तर खेकसत. बाईंनी त्यांना दिव्याचं, झाकणाचं, ट्रे आडवा न करण्याचं सगळं समजावलं होतं.

आणि मग एका वर्षी बाईंचं नशीब उघडलं. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत अशा जिवंत शेवाळांचा मोठा साठा जपतात. तिथल्या केतकी नावाच्या तरुण संशोधिकेने बाईंचा एक जुना लेख वाचून फोन केला. तिला अशाच जागांमधल्या जाती तपासायच्या होत्या. "मॅम, तो शेवाळाचा स्ट्रेन अजून अलाइव्ह आहे? मग मी स्वतः येते न्यायला. पण जिवंत हवा हं, डेड मटेरियलवर माझं काम होत नाही." उन्हाळ्यात येते म्हणाली. बाई फोन ठेवून आमच्याकडे आल्या आणि सोफ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "सबनीस, मला भीती वाटून राहिली."

भीती खरी निघायला पाडवा उजाडावा लागला. पाडव्याला पुण्यात श्रीखंड कमी पडलं तर दंगल होईल. आदल्या संध्याकाळी ढमाल्यांच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचे डबे छतापर्यंत रचले गेले आणि ट्रेला जागा उरली नाही. ढमाल्यांनी बाईंना फोन लावला, तो लागला नाही. बाई त्या दिवशी वाघोलीला भाचीकडे गेल्या होत्या. ट्रे बाहेर ठेवावा तर उकाडा. मग त्यांनी जे केलं ते पूर्ण विचार करून, प्रेमाने केलं. दुकानात मागे आइस्क्रीमचा डीप फ्रीजर होता. त्यांनी ट्रे त्यात, तळाशी, नीट बसवला. बर्फातली वस्तू आहे, बर्फात खूश राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाई दुकानात गेलो. ढमाले हौसेने पुढे आले. "बाई, तुमच्या लेकरांना काल मस्त गारेगार करून दिलं! एकदम घरच्यावानी." आणि त्यांनी फ्रीजर उघडला.

काही नळ्या तडकल्या होत्या. उरलेल्यांतला थर पांढरा, घट्ट. बाईंनी एक नळी उचलली, बोटाला चिकटली तशीच धरून ठेवली. "अरे, काय केलं हे... काय केलं..." एवढंच म्हणाल्या आणि दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसल्या. श्रीखंडाची रांग दाराबाहेर गेली होती. ढमाल्यांचा चेहरा माझ्याच्याने बघवेना. माणूस घामाघूम झाला होता. "बाई, बर्फातलं हाय म्हणून... मला वाटलं..."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. नुसत्या एका शब्दावरून लिमयांचा फळा पुसणाऱ्या बाई त्या. पण त्या ढमाल्यांकडे बघत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "अख्ख्या जगाला सांगितलं. तुम्हालाच सांगायचं राहिलं."

खरंच होतं ते. दिव्याचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. पण जिथे बर्फ नाही तिथली ही, हे ज्याच्या हाती तिचा जीव दिला त्यालाच बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. दुकानदाराला कशाला एवढं, असं वाटलं असेल. ते त्यांना स्वतःलाच लागलं, हे मला दिसत होतं.

मग त्या उठल्या आणि शांतपणे कामाला लागल्या. नळ्या एकदम बाहेर काढायच्या नाहीत. आधी घरच्या फ्रीजमध्ये, अंधारात, हळूहळू सैल होऊ द्यायच्या. "उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत," म्हणाल्या. मी विचारलं, "काही आशा?" त्या म्हणाल्या, "तिच्या गावी उन्हाळ्यात ऊन कललं की ती रोज गोठते, रोज दुपारी सुटते. पण ते दगडाच्या आत, सवयीने. इथे इतकी वर्षं मी तिला लाडावून ठेवलीय. सांगता येत नाही."

भर चैत्रात त्यांनी स्वयंपाकघर बंद करून, पंखा बंद करून, स्पिरिटच्या दिव्यासमोर बसून प्रत्येक शाबूत नळीतला कण नव्या नळीत लावला. हवा हलली तर भलतीच बुरशी शिरते म्हणून मला दाराबाहेर उभं केलं. दार उघडलं तेव्हा बाई घामाने निथळत होत्या. नव्या नळ्या पुन्हा ढमाल्यांकडेच गेल्या; तसा गार उन्हाळा दुसरीकडे नव्हताच. ढमाल्यांनी वरचा कप्पाच मोकळा करून दिला.

केतकीचा फोन आला. बाईंनी तिला जे घडलं ते सगळं सांगितलं आणि यायची तारीख पुढे ढकलायला लावली. एप्रिल गेला. नळ्या पांढऱ्याच. मेमध्ये एका नळीत बुरशी धरली, ती फेकली. बाई रोज सकाळी काचेसमोर उभ्या राहत. ढमाले गल्ल्यामागून त्यांच्या तोंडाकडे बघत. बाई नकारार्थी मान हलवत. ढमाले गिऱ्हाइकावर खेकसत. मीही आता जायला लागलो होतो. दूध मला नको असलं तरी. मला त्या न दिसणाऱ्या जीवाची काळजी वाटत होती, आणि त्याहून जास्त बाईंची. त्या बारीक झाल्या होत्या. 'थांबलंय' हा शब्द त्यांनी त्या दोन महिन्यांत एकदाही काढला नाही.

जूनमध्ये एका सकाळी ढमाल्यांचाच फोन आला. "सबनीस, बाईंला घेऊन या. मला हिरवं दिसतंय का डोळे गेले, ते बघा."

एकाच नळीत, थराच्या कडेला, मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका. बाईंनी भिंग लावून पाहिलं. भिंग मला दिलं, मग ढमाल्यांना. पुन्हा स्वतः घेतलं. "आहे," म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

जुलैअखेर केतकी आली. उंच, चटपटीत मुलगी, पाठीवर सॅक, हातात थर्मासचा डबा. तोवर त्या ठिपक्यापासून बाईंनी तीन चांगल्या हिरव्या नळ्या केल्या होत्या. बाईंच्या घरी चहा झाला. मग केतकीने लॅपटॉप उघडला.

"मॅम, स्ट्रेन हिस्टरी लिहायची आहे. म्हणजे कोणाकडून कोणाकडे आला, ती चेन. कलेक्टर तुम्ही, वेगळा काढणाऱ्या आयसोलेटरही तुम्ही. तुमच्यानंतर डायरेक्ट मी, बरोबर?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मधे एक जण आहे."

आम्ही सगळे डेअरीत गेलो. ढमाले तूप मोजत होते. बाईंबरोबर लॅपटॉपवाली परकी मुलगी बघून त्यांनी हात थांबवला.

"अहो, तुमचं पूर्ण नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"कशाला? चूक झाली म्हणलं की मी, बाई. कंप्लेंट हाय का काय?"

"वंशावळीत घालायचंय तुम्हाला. धाकटी तुमच्याकडे वाढली, तेव्हा तुमचं नाव लागणार."

ढमाल्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी तुपाचे हात फडक्याला पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि शाळेत हजेरी द्यावी तसे ताठ उभे राहून म्हणाले, "ज्ञानेश्वर किसन ढमाले. मुक्काम कोथरूड." बाळासाहेबांचं खरं नाव ज्ञानेश्वर आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

केतकी टाइप करत होती. बाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "आणि पुढे लिही," त्या म्हणाल्या. "यांच्याकडे असताना एक रात्र गोठली. कसलंही संरक्षण न देता. जगली."

"मॅम, हे तर खरं म्हणजे डेटा आहे," केतकी म्हणाली.

"म्हणून तर सांगतेय."

ढमाले वळून आत गेले आणि उगीचच क्रेट हलवत राहिले.

गाडी आली, थर्मास गेला. एक नळी ठेवून जाते, असं केतकी म्हणत होती, पण बाईंनी तिन्ही तिच्या हवाली केल्या. आपल्याच्याने आता हे होणार नाही, असं त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात त्या कायमच्या नागपूरला, भावाकडे, जायला निघणार होत्या. गाडी वळेपर्यंत आम्ही फुटपाथवर उभे होतो.

मग बाई पुन्हा दुकानात शिरल्या. वरचा कप्पा रिकामा होता, दिवा चालू होता. ढमाल्यांनी तिथे अजून काही ठेवलं नव्हतं. बाईंनी काचेला तळहात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. मागे गिऱ्हाईक येऊन थांबलं. एरवी "सरका जरा" म्हणून खेकसणारे ढमाले त्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात म्हणाले, "थांबा दोन मिंटं. बाईंचं व्हायचंय."